परत आलेले 212 पट्टे आणि आमची वाटचाल

माझ्या कामाच्या टेबलासमोर खिळ्याला एक पट्टा टांगलेला आहे. 35 मिलिमीटर रुंद, तपकिरी, बक्कल चांगलं पितळी. भोकं मात्र लांबुळकी झाली आहेत. हा पट्टा विकायला नाही. 2017 साली आमच्याकडे परत आलेल्या 212 पट्ट्यांपैकी हा शेवटचा. आमची वाटचाल सांगायची तर याच्यावरूनच सांगावी लागेल, पण त्याआधी अण्णा.

कातडीकाम मी छंद म्हणून सुरू केलं. नोकरी होती, संध्याकाळी दोन-अडीच तास मोकळे मिळायचे. हौसेपोटी सगळी हत्यारं घेऊन ठेवली होती. भोकं पाडायचे काटे चार मापांचे, कडा तासायची पाच हत्यारं, नक्षीचे ठसे तर मोजलेच नाहीत. तरी माझी पाकिटं वाकडी व्हायची. टाके पुढून सरळ आणि मागून नागमोडी. चपला-बूट दुरुस्त करणारे अण्णा एकदा माझं काम बघत उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या हातातली आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, घेतली, अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती घसरली.

"ताई, आरी बोथट आहे. तुम्ही भोक पाडत नाही, कातडं रेटताय."

त्यांच्याकडे रोजच्या वापराची हत्यारं तीन. कातडं कापायची-छिलायची रापी, आरी आणि ठोकायची मोगरी. रापीचं पातं झिजून झिजून मूळच्या निम्मं राहिलेलं, पण कातड्याची कड छिलायला लागले की कागदासारखी पापुद्री निघायची, एकसलग. मी तोवर कातडं पातळ करायचं म्हणजे ओरबाडायचं असंच समजत होते. नवीन शिकणाऱ्यांना मी अजून हेच सांगते, कुणी विचारो न विचारो: नवं हत्यार घेण्याआधी हातातल्याला धार लावा. कातडी पट्टीवर हिरवी पॉलिश पेस्ट चोपडून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आरी, रापी तिच्यावर ओढा. आरीचं पातं शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं. त्याच्या चारही कडा चकचकीत हव्यात, नुसतं टोक नाही.

दोन सुयांची शिवण त्यांनीच माझ्या हातात बसवली. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. दोरा शिवणीच्या साधारण चौपट घ्यायचा, मेण लावून. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्याला मध्येच अडकवलेला असतो, एक झिजला की शिवण उसवत जाते. आपल्या टाक्यात एक झिजला तरी दुसरा त्याच भोकात जागेवर असतो. डाव्या-उजव्या सुईचा क्रम एकदा ठरवला की मोडायचा नाही. माझी नागमोड तिथेच होती.

2012 साली अण्णांनी आणि मी भागीदारीचा कागद केला. निम्मं-निम्मं. मी नोकरी सोडली. पुढची चार-पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

2017 मध्ये एका मोठ्या कंपनीची ऑर्डर आली. कर्मचाऱ्यांना भेट द्यायला 300 पट्टे, मुदत 40 दिवस. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला पहिल्यांदाच मिळत होती. ज्यांच्याकडून आम्ही साल-हिरड्यात कमावलेलं कातडं घ्यायचो त्यांच्याकडे तेवढा माल तयार नव्हता. असं कातडं व्हायला आठवडे लागतात, महिनेही लागतात. घाई करता येत नाही. आणि अण्णांचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. निर्णय मी घेतला. नव्या व्यापाऱ्याकडून माल मागवला. त्याने दाखवलेला नमुना पाठीच्या भागाचा होता, घट्ट, वाकवला तर सुरकुतीही पडत नव्हती. आलेला माल मात्र बहुतेक पोटाचा. गुंडाळून यायला हवा तो घड्या घालून आला होता. घडीच्या जागी वरचा थर सैल होऊन बारीक जाळी धरली होती. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी कॅलिपर लावला, साडेतीन मिलिमीटर भरलं, आणि कापायला घेतलं. जाडी मोजली, ताण बघितलाच नाही.

पाठीचे तंतू दाट विणलेले असतात, पोटाचे विरळ. जनावराचं पोट फुगतं, आकसतं, त्यामुळे तिथलं कातडं ताणतंच. पट्टा कापावा तो पाठीच्या कण्याला समांतर. हे मला माहीत होतं आणि तरी मी पोटाचं कातडं कापलं. वर रंगाच्या बाबतीतही घाई झाली. रंग सुकल्यावर कोरड्या फडक्याने जोपर्यंत फडक्याला डाग लागतोय तोपर्यंत पुसत राहायचं असतं, मग मेण. आम्ही दोनदा पुसून मेण लावलं.

तीन आठवड्यांत फोन सुरू झाले. भोकं ओढली गेली, पट्टे दोन-दोन इंच लांबले, घामाने शर्टांना तपकिरी रेघ लागली. 212 पट्टे परत आले. पैसे परत केले. व्यापाऱ्याने नमुना आणि माल एकच असल्याचं ठासून सांगितलं. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. तेव्हापासून आम्ही नमुन्याचा तुकडा सही करून दोघांकडे ठेवतो. तुम्हीही ठेवा.

इथपर्यंत चूक माझी. पुढचं मात्र मी अजून विसरलेले नाही.

आमच्याकडे तीन वर्षं शिकलेला एक मुलगा त्याच सुमारास बाहेर पडला होता. त्याचा हात चांगला होता, हे मी आजही म्हणेन. रापी धरायला त्याला अण्णांनी शिकवलं, स्वतःच्या मुलाला शिकवावं तसं. पट्टे परत यायला लागले त्या आठवड्यात तो त्या कंपनीत जाऊन बसला. आमचा माल कच्चाच असतो, असं त्याने तिथे सांगितलं. पाच वर्षांत आमचा एकही पट्टा परत आला नव्हता आणि त्यातली तीन वर्षं त्याच्यासमोरची होती. ऑर्डर त्याला मिळाली.

त्याचा एक पट्टा कंपनीतल्या एका बाईंनी मला आणून दाखवला. त्याला बारीक दोऱ्याने छापील कागद बांधलेला होता. त्यावरचं वाक्य वाचून माझे हात गार पडले: "दोन सुयांनी शिवलेला, कड हाताने घोटलेली, तुमच्याबरोबर म्हातारा होणारा." हे वाक्य माझं. आमच्या पहिल्या कार्डासाठी मी एका रात्रीत दहा वेळा खोडून लिहिलेलं. शब्दही बदलला नव्हता. बाईंची परवानगी घेऊन मी पट्टा टोकाशी तिरका कापला. आत कातड्याचा भुसा चिकटवून दाबलेला थर, वर पॉलियुरेथेनचा पातळ लेप, त्यावर कातड्यासारखा दिसेल असा छापलेला दाणा. शिवण मशीनची. कड घोटलेली नव्हतीच, रंगाचा जाड थर दिलेला. भुशाची कड घोटली जातच नाही. खऱ्या कातड्याची कड 400, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, किंचित ओलावून लाकडाने घोटली की तंतू एकमेकांत बसतात आणि ती काचेसारखी होते.

दमटपणाने तो लेप पुढे सोलवटलाच. कंपनीतून मला फोन आला, दुरुस्त होतील का? मी खरं तेच सांगितलं, यात टाका धरेल असं काही नाही. त्या मुलाचा धंदा आज आमच्याहून मोठा आहे. तो भेटला तर मी बोलते. पण ते वाक्य मला आमच्या कार्डावरून काढावं लागलं, लोक म्हणायला लागले होते की तुम्ही त्यांचं उचललं. हे मला अजून खुपतं.

त्या वर्षी कारखाना बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. अण्णा परतले, पट्ट्यांचा ढीग पाहिला, मला एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "पोटाचं कातडं वाईट नसतं ताई, त्याला ओझं लावायचं नसतं." त्या पट्ट्यांमधून आम्ही किल्ल्यांच्या पट्ट्या, पुस्तकातल्या खुणा, सामानाच्या चिठ्ठ्या कापल्या. ताण नसलेल्या वस्तू. त्यातून महिन्याचं भाडं निघालं.

आणि सर आले. निवृत्त मुख्याध्यापक. आमचं अगदी सुरुवातीचं पाकीट त्यांच्याकडे होतं. दरवर्षी ते कड घोटून घ्यायला यायचे. त्यांनी वडिलांची बॅग आणली होती. कातडं सुकलेलं, पण हात लावला तरी तांबूस भुगा झडत नव्हता, म्हणजे जीव होता. दोरा पार कुजलेला. "सगळी शिवण नवी घालाल?" एवढंच विचारलं. पट्ट्यांविषयी त्यांना ठाऊक होतं, त्यांचा भाचा त्याच कंपनीत.

अकरा दिवस लागले. जुना दोरा दर चार टाक्यांवर कापून चिमट्याने काढला. अशा कामात नवं भोक पाडायचं नाही. जुन्याच्या बाजूला नवं पडलं की पोस्टाच्या तिकिटासारखं कातडं तिथून फाटतं. भिंग लावून प्रत्येक भोक मोकळं केलं. काहींत जुन्या कारागिराचं मेण काळं होऊन बसलेलं होतं. भोकं तिरकी, एकसारखी, एका इंचाला सहा. त्याचा हात कुठे वळायचा, कोपऱ्यावर कुठे थांबायचा, हे त्या भोकांतून कळत होतं. मी फक्त त्याच्या मागून दोरा नेत गेले. सहाव्या-सातव्या दिवशी जाणवलं की माझे हात थरथरायचे थांबलेत.

सरांनी ती बॅग दहा जणांना दाखवली. मग जुन्या बॅगा, खोगिरं, तबल्याच्या पिशव्या येऊ लागल्या. आज आमचं निम्मं काम दुरुस्तीचं आहे. दुरुस्तीत पैसा नाही असं म्हणणाऱ्यांनी हिशेब नीट मांडावा. कातडं गिऱ्हाइकाचं, आपला दोरा, मेण आणि वेळ. वेळेचे पैसे मागायला लाजू नका.

अण्णा आता रोज येत नाहीत. त्यांची रापी माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात सरांची बॅग पुन्हा आली. मूठ सैल झाली आहे, आतली दोरी बदलायची. त्यासाठी मुठीजवळचे माझेच टाके उसवायला हवेत. काल संध्याकाळी बसले. पहिला टाका कापला, दोरा ओढला, तो जागचा हलला नाही. दुसरा कापला, तरी नाही. शेवटी एकेक टाका वेगळा कापून, एकेक तुकडा चिमट्याने ओढून काढावा लागला. रात्रीपर्यंत नऊ झाले, बावीस राहिलेत.