भांडीवाली निदान घासाघीस तरी करते

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची सेवा थांबवली. संगणक काही बंद पडणार नव्हते, फक्त सुरक्षेची डागडुजी यापुढे मिळणार नव्हती. ज्यांना ती आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत हवी होती, त्यांच्यासमोर तीन वाटा ठेवल्या होत्या. ३० डॉलर मोजा. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, आणि हे पॉइंट कमवायचा एक राजमार्ग म्हणजे बिंग या त्यांच्या सर्च इंजिनवर काहीबाही शोधत राहणं. हेही नको असेल तर पैसे देऊच नका, त्यांच्या खात्यातून लॉग-इन करा आणि आपल्या संगणकाची सेटिंग्ज त्यांच्या क्लाऊडवर ठेवायला लागा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिकडच्या लोकांना ही सेटिंग्जची अट माफ झाली. आपल्याला नाही. आपण आवाज उठवतो तो लोकलच्या दारात.

मला हा प्रस्ताव मनापासून आवडला. इतकी वर्षं संगणकाच्या दुनियेत जे फुकट म्हणून वाढलं जातं, त्याच्या शेजारी कुणी किमतीची पाटी लावत नाही. इथे लावली होती. इकडे रोख, तिकडे माहिती, काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. सेटिंग्ज म्हणजे काही माणसाचं अख्खं आयुष्य नव्हे, तरी व्यवहार उघड्यावर झाला हे महत्त्वाचं.

असा उघडा व्यवहार मी आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये दुपारी बघते. पुण्याकडे जिला बोहारीण म्हणतात तिला आम्ही नुसतं भांडीवाली म्हणतो. घरातले लोक कामावर गेलेले असतात, वॉचमन खुर्चीत पेंगत असतो, तेव्हा ती डोक्यावर स्टीलची पाटी आणि काखेत कपड्यांचं बोचकं घेऊन जिन्यात हजर होते. मग दारातच चटई पसरून तपासणी सुरू. साडी उजेडाकडे धरून बघायची, काठ दोन्ही हातांनी ताणायचा, शर्टाची कॉलर उलटायची, पँटची चेन दोनदा वरखाली करायची. खिसे चाचपून सापडलेली दहाची नोट ती परत देते, आणि लगेच तोंड वाकडं करते, "वहिनी, ही तर पार विरली. एक पँट अजून टाका, मग कढई देते." आपण म्हणायचं, कढई राहू दे, डबा दे. ती पाटी डोक्यावर चढवल्यासारखं करते, आपण दार लावल्यासारखं करतो. दोघींनाही माहीत असतं की कुणी कुठे जात नाही.

आता ती आपल्याला फसवत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. ते कपडे पुढे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जातात आणि त्या साडीचं तिथे काय होतं हे आपल्या दारात तिलाच ठाऊक असतं. किंमत तिला कळते, आपल्याला नाही. इथपर्यंत भांडीवाली आणि सॉफ्टवेअर कंपनी एकाच माळेचे मणी. तरी भांडीवालीला माझ्याशी वाद घालावाच लागतो. मी एखादी साडी बोचक्यातून परत ओढून घेऊ शकते. आणि कढई देऊन गेल्यावर मी कपाट दिवसातून किती वेळा उघडते हे मोजायला ती माझ्या घरात राहत नाही.

संगणकात मात्र मोजणारा राहायलाच आलेला असतो. तो काय मोजतो हे बघायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली दिली, डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर नावाची. ती चालू केली की आपलाच डेटा आपल्याला दाखवण्यासाठी आपल्याच डिस्कवरची १ जीबीपर्यंत जागा लागू शकते, हे ते आधीच सांगतात. (यजमानाच्या घरचं तूप आणि पाहुण्यांचा आग्रह.) आत ओळीच ओळी. माझ्या नावाचा उल्लेख नाही, मशीनचा ओळख क्रमांक आहे. कुठल्या प्रोग्रॅमची खिडकी किती मिलिसेकंद समोर होती, त्यात कीबोर्ड किती सेकंद चालला, माऊस किती सेकंद हलला. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. त्या ओळी वाचताना लक्षात आलं की दुपारच्या कामात माझा माऊस फार हलतो आणि कीबोर्ड जवळजवळ नाहीच. म्हणजे मी वाचत कमी होते आणि वरखाली जास्त करत होते. प्रकाशकाला हे अजून कळलेलं नाही, पण रेडमंडला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाला, कळलेलं असावं.

यातली काही माहिती सक्तीची आणि काही ऐच्छिक. ऐच्छिकमध्ये एक कलम आहे ते माझ्या धंद्यातल्या माणसानं दोनदा वाचावं असं. प्रोग्रॅम कोसळला तर त्या क्षणी मशीनच्या स्मृतीत जे काही असेल ते पाठवलं जाऊ शकतं, आणि त्यात उघड्या फाईलचे तुकडे नकळत येऊ शकतात, असं कंपनी स्वतःच लिहिते. म्हणजे एखाद्या कादंबरीत नायकानं खून केला की नाही हे वाचकाच्या आधी एखाद्या सर्व्हरला कळू शकतं. मी ते बटण बंद ठेवलं आहे. सक्तीचं मात्र घरगुती विंडोजवर बंद करता येत नाही. एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत येतं. घाऊक खरेदी करणाऱ्याला मोजणाऱ्याला घराबाहेर काढायचा हक्क आहे, किरकोळ गिऱ्हाइकाला नाही. आणि हे विंडोज फुकट मिळालेलं नसतं, लॅपटॉपच्या बिलात त्याचे पैसे गेलेले असतात. कपडेही द्या आणि कढईचे पैसेही द्या, असा हा मामला.

पण सॉफ्टवेअरला पैसे पडतात हे तरी आपल्याला कधी माहीत होतं? मुंबईतल्या मध्यमवर्गानं संगणक घेतला तो लॅमिंग्टन रोडवर. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचा माणूस तुमच्याकडेच चौकशीच्या नजरेनं बघेल. तिथे मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट यांच्या किमतीवर तासभर घासाघीस व्हायची, शंभर रुपयांसाठी चार दुकानं पालथी घातली जायची. आणि सगळं जुळल्यावर दुकानातला पोरगा सहज म्हणायचा, "विंडोज, ऑफिस, फोटोशॉप टाकून देतो. गेम पण टाकू का?" त्या वाक्यावर कधी कुणी घासाघीस केल्याचं मला आठवत नाही. लोखंडाला किंमत आणि आतल्या अक्कलेला शून्य, हा धडा आम्ही तिथेच गिरवला. पुढे जे आलं ते या सवयीवर अलगद येऊन बसलं.

१ एप्रिल २००४ला जीमेल आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी जागा देत होतं आणि याहू ४ एमबी. गुगलनं एकदम १ जीबी देऊ केली. तारीख बघून पुष्कळांना ती थट्टाच वाटली होती. त्या जागेच्या बदल्यात गुगलचं यंत्र पत्रं चाळायचं आणि शेजारी जाहिराती लावायचं. आमंत्रण मिळालं की लोक ऑफिसात मिरवायचे. जाहिरातींसाठी पत्रं चाळणं थांबवत आहोत असं गुगलनं २०१७च्या जूनमध्ये सांगितलं, तोवर आमची दोन नोकऱ्यांची राजीनामापत्रं आणि एका लग्नाची बोलणी त्याखालून गेली होती. रेल्वे स्टेशनांवरच्या मोफत वायफायची गुगल आणि रेलटेल या रेल्वेच्या कंपनीनं सुरुवात केली तीही इथूनच, २०१६च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला. मोबाईल नंबर द्या, ओटीपी टाका, चालू. हल्ली मॉलमध्ये रुमाल घेतला तरी काउंटरवरची मुलगी आधी नंबर विचारते. तो विषय सोडा.

या सगळ्यात जो किस्सा मला विसरता येत नाही तो अवास्टचा. फुकट अँटिव्हायरस. 'इंटरनेटवर तुमच्यावर पाळत ठेवली जाते, आम्ही ती रोखू' असं सांगून लोकांच्या घरात शिरलेला. २०२०च्या जानेवारीत बातम्या आल्या की त्याच कंपनीची जंपशॉट नावाची शाखा लोक कुठल्या साइटवर जातात, काय बघतात याचा माल बाहेर विकत होती. महिना संपायच्या आत शाखेला टाळं लागलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४च्या फेब्रुवारीत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. शंभरावर गिऱ्हाइकांना माल गेला होता म्हणे. इथवर नेहमीची गोष्ट. पण भरपाईचे पैसे वाटायची वेळ आली तेव्हा पात्र कोण ठरले? ज्यांनी अवास्ट विकत घेतलं होतं ते. फुकट वापरणाऱ्यांनी काही खरेदीच केली नव्हती, मग परत काय द्यायचं? त्यांनी फक्त डेटा दिला होता, आणि डेटाची पावती कुणाकडे असते?

माझा भाचा यावर हसतो. तो याच क्षेत्रात आहे. "मावशी, तुझा एकटीचा डेटा कोण बघतंय? त्याची किंमत चार आणेसुद्धा नाही." खरंच आहे ते. एका साडीचीही नसते, बोचक्याची असते. त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. प्रोग्रॅम कुठे कोसळतो हे कळलं नाही तर तो दुरुस्त कसा करायचा? लाखो मशीन, प्रत्येकात वेगळा प्रिंटर, वेगळं ग्राफिक्स कार्ड. कळवणारा कुणी नसेल तर बनवणारा आंधळा. मला ते मान्य आहे. मराठी जोडाक्षर तुटलं म्हणून पूर्वी कुणाकडे तक्रार करायची हेच कळायचं नाही, आता निदान यंत्र तरी कुठेतरी जाऊन रडतं.

आणि हे सभ्यपणे करता येतं, हेही त्यानंच दाखवलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, तिच्या डेबियन नावाच्या अवतारात इन्स्टॉल करताना एक प्रश्न येतो. तुम्ही कुठली पॅकेजेस, म्हणजे कुठले प्रोग्रॅम, वापरता याची आकडेवारी आम्हाला आठवड्याला पाठवायची का? आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. 'हो' म्हणणाऱ्यांच्या आकड्यांवरून कुठली पॅकेजेस पहिल्या सीडीवर घ्यायची याला मदत होते, आणि ते आकडे कुणालाही बघायला उघडे ठेवलेले असतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर गेम खेळणाऱ्या पोरांनाही अधूनमधून असं सर्वेक्षण विचारलं जातं, भाग घ्यायचा की नाही ते त्यांच्यावर, आणि निकाल दर महिन्याला जाहीर. म्हणजे विचारलं तर लोक देतात. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीची वर्गणीसुद्धा विचारून मागितली तर मिळते, मेंटेनन्समध्ये गुपचूप घातली की सभा तीन तास चालते.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भांडीवालीच्या बोचक्यात बाई स्वतःच्या साड्या कमीच टाकते. नवऱ्याचा शर्ट टाकते. तो बिचारा पुढे आठवडाभर, "माझा तो निळा चौकडीचा कुठाय?" करत कपाट उपसत असतो आणि स्वयंपाकघरात नवी परात चकाकत असते. संगणकातही असंच चालतं. ओळखीच्या एका प्रेसमधला मुलगा पीडीएफचं वर्ड करायला कुठल्याशा फुकट साइटवर फाईल चढवतो. एकदा माझ्यासमोर एका ज्येष्ठ लेखिकेचं अप्रकाशित आत्मचरित्र चढवायला निघाला. मी हात धरला तर म्हणे, "ताई, फुकटात होतं हो! एका मिनिटात." फुकटात होतं, पण शर्ट बाईंचा होता. पन्नास वर्षांच्या संसाराचं त्यात जे लिहिलं होतं ते त्यांच्या मुलांनीही अजून वाचलं नव्हतं. ती फाईल मी रात्री बसून हातानं बदलली. मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघत होता ते एखाद्या पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईकडे बघावं तसं.

फोनवर संपर्क यादीला परवानगी देतो तेव्हा आपण सगळ्या गोतावळ्याचे शर्ट एकदम देतो. आणि घरात एकच संगणक असेल, जसा मुंबईच्या वन रूम किचनमध्ये असतो, तर 'मान्य' वर टिचकी एक जण मारतो आणि मोजले जातात आजोबांपासून नातीपर्यंत सगळे.

आपल्याकडे यावर कायदा झाला आहे, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट नावाचा. ११ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम निघाले २०२५च्या नोव्हेंबरात, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागेल. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, आणि त्या बावीस भाषांत आपली मराठी आहे. म्हणजे कंपन्या आमचं काय नेतात, कशासाठी नेतात, हे मराठीत लिहावं लागणार. बँकांच्या आणि विम्याच्या फॉर्मांवरची मराठी आठवली की पुढचं चित्र दिसतं. 'सदरहू प्रयोजनार्थ संस्करण करणेस अनुमती' असलं काहीतरी येईल, आणि शेजारच्या काकू चष्मा न लावता त्यावर बोट ठेवतील.

ते मजकूर आधी कुणीतरी तपासायला हवेत. मी तपासून देईन, दोन वाक्यांत काकूंना कळेल असं करून देईन. दर शब्दावर आहे, निम्मे पैसे आगाऊ, आणि बिल मी कागदावर देते.