तीन वर्षं काजूच्या चिकावर ढकलली

आमच्याकडे मार्च-एप्रिलात काजू सोलायला बसलं की चिकाने बोटं सोलवटतात. तोच हात चुकून लागला असणार, असं म्हणत मी खालच्या जागेची खाज तीन वर्षं चिकावर ढकलली. पावसात काजू नसतो, खाज मात्र असायची. रात्री तर अशी, की उठून न्हाणीत गार पाणी ओतायचे. तेव्हा मी 57 वर्षांची, पाळी थांबून सात वर्षं झालेली.

या काळात तीन डॉक्टर झाले. बुरशी म्हणून मलम दिलं, गोळ्या दिल्या, साखर तपासली, ती नॉर्मल. बघितलं कुणीच नाही. खरं तर मीही ‘नका बघू’ असाच चेहरा करून बसत असणार. पडद्यापलीकडे अर्धा गाव बसलेला.

शेवटी एका दुपारी दार लावून हातआरसा घेतला. कातडी पांढरी पडलेली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ. डावीकडे एक जाड, खरखरीत चट्टा. बोट लागलं तर रक्ताचा ठिपका. मला वाटलं, कोड! आणि पहिली काळजी कसली, तर पुतणीचं लग्न ठरायचंय. हसू नका.

कुडाळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दिवा लावून नीट बघितलं. कोड नाही, लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार, म्हणाल्या. ते स्वतः कॅन्सर नव्हे, थोड्याच बायकांत पुढे तसं होतं; पण चट्टा जाड झालाय, म्हणजे तुकडा तपासायलाच हवा. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. तुकडा मिरीच्या दाण्याएवढा, वर एक टाका.

रिपोर्टात ‘डिफरन्शिएटेड व्हीआयएन’ असं आलं. म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. बाईंनी समजावलं, यातही दोन जाती. एक एचपीव्ही विषाणूमुळे होते, तिला कधी कधी मलमही चालतं. माझी लायकेनवर उगवलेली, ती लवकर पुढे सरकते, म्हणून कापूनच काढायची.

तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळचं हॉस्पिटल. कमरेत इंजेक्शन देऊन चट्टा भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढला. काढलेल्या भागात एका कोपऱ्यात कॅन्सर निघाला, पण खोली एक मिलिमीटरच्या आत आणि कडा स्वच्छ. एवढ्या उथळ, लहान कॅन्सरला जांघेतल्या रसग्रंथी काढाव्या लागत नाहीत. त्या काढल्या की पाय सुजू शकतात, हे वॉर्डातल्या शेजारणीचे पाय बघून कळलं होतं. तिची गाठ खोल होती. पंधरा दिवस मांडी घालता आली नाही, लघवीला आग व्हायची. कोमट पाणी ओतत लघवी करायची युक्ती नर्सने दिली, ती औषधापेक्षा कामाला आली.

उरलेल्या लायकेनला क्लोबेटासॉलचं मलम: महिनाभर रोज रात्री, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. साबण बंद. महिन्यातून एकदा आरसा, आणि ठरलेल्या तारखेला तपासणी.

यंदा काजू सोलताना जाऊ हळूच म्हणाली, “माका पण रात्रीची लय खाज येता गो.”

“उद्या सातच्या गाडीन कुडाळाक जावया,” मी म्हटलं.

तिने हातातली बी खाली ठेवली. “डॉक्टर बाय असा मा?”

“असा.”