आमची वाटचाल : लग्नाच्या अल्बमपासून साजाच्या पानापर्यंत

आम्ही दोघा भावांनी 2013 साली कोल्हापुरात स्टुडिओ टाकला, तो लग्न, बारसं आणि पासपोर्ट फोटोंसाठी. दागिन्यांचं काम गुजरीतल्या एका सराफांमुळे आलं. त्यांचं पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो मागायला लागलं होतं आणि मोबाइलच्या फोटोत ठुशी पितळेची वाटायची. "माल बावीस कॅरेटचा आणि फोटो इमिटेशनचा, कसं चालायचं?" ते म्हणाले. आम्ही बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी शंभर एमएमची मॅक्रो लेन्स भाड्याने आणली आणि कामाला लागलो.

चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे तिच्या आजूबाजूचा फोटो. ठुशीच्या एकेका मण्यात अख्खी खोली उतरते : ट्यूबलाइट, खिडकी, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा माणूस. म्हणून भिंती राखाडी केल्या आणि आम्ही काळे शर्ट घालू लागलो. आई अजून विचारते, "रोज संक्रांत असते काय रे तुमच्यात?"

बाजारात पांढरे लाइट टेंट मिळतात. त्यात दागिना ठेवला की नको ती प्रतिबिंबं जातात, पण सोबत त्याचा जीवही जातो, सगळं दुधात बुडवल्यासारखं. आम्ही तो टेंट माळ्यावर टाकला. आता लाइटसमोर ट्रेसिंग पेपर ताणतो आणि दागिन्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या बारीक पट्ट्या उभ्या करतो. पट्टी बोटभर सरकवली की मण्याच्या कडेला काळी रेघ उमटते. मणी गोल दिसतो तो त्या रेघेमुळे.

दुसरी अडचण फोकसची. वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, तिच्या खऱ्या आकाराएवढी घेतली, तर मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ 11 इतकं बारीक केलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. अॅपर्चर आणखी बारीक करावं, तर बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळाच फोटो मऊ पडतो. कोल्हापुरी साजाला परंपरेने 21 पानं, त्यात दशावतार, अष्टमंगल, माणिक, पाचू आणि डोरलं. त्यातला मासा घ्या : खवले स्पष्ट आले की शेपटी धूसर. मग कॅमेरा रेलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, चढवून तसूतसूने पुढे सरकवायचा, तीस-चाळीस फ्रेम घ्यायच्या आणि हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या. गळीत हंगामात खालून उसाच्या ट्रॉल्या गेल्या की जमीन थरथरते, म्हणून साजाचं काम आम्ही रात्रीच करतो.

हुपरीची चांदी आणखी छळते. सोन्यात निदान प्रतिबिंब पिवळं होऊन मिसळून जातं, चांदीत समोरचं जसंच्या तसं दिसतं. पैंजणाच्या घुंगरावर बोटाचा ठसा राहिला, तर मोठ्या फोटोत तो नकाशाएवढा होतो.

लॉकडाऊनमध्ये पेढ्या बंद होत्या, तेव्हा सराफांना ऑनलाइन कॅटलॉगची गरज कळली आणि आमचं लग्नाचं काम सुटलं ते सुटलंच. पुढे 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्यावरच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकणं बंद झालं आणि गिऱ्हाईक त्या शिक्क्याचाही फोटो मागू लागलं. तिथे युक्ती उलटी. कागद असा झुकवायचा की गुळगुळीत पृष्ठभाग पूर्ण पांढरा व्हावा. मग लेसरने कोरलेली अक्षरं काळी उठून दिसतात.

संगणकावर आम्ही धूळ काढतो, कारागिराच्या हाताच्या खुणा काढत नाही. खड्यांची चमक वाढवा म्हणणारं एक बरंच मोठं गिऱ्हाईक त्यामुळे गेलं. जाऊ दे. पार्सल उघडल्यावर "फोटोत वेगळं होतं" हे सराफांनी ऐकायचं आणि तोंड आम्ही लपवायचं, हे आम्हाला जमणारं नाही.

सोनं पेढीबाहेर न्यायला कुणी राजी नसतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आता आम्हीच टेबल, रेल, कागद घेऊन पेढीवर येतो. दागिने काट्यावर वजन करून घेतो आणि वजन करूनच परत देतो, दोन्ही वेळा मालकांसमोर. दसऱ्याच्या नाहीतर पाडव्याच्या मालाचे फोटो हवे असतील, तर महिनाभर आधी सांगा. आणि एक विनंती : दागिने पॉलिश करून ठेवा, पण आम्ही येईपर्यंत त्यांना हात लावू नका.