तुम्ही विचारलंत म्हणून: जेवणच द्यायचंय, तर चर्च कशाला?

मी अमेरिकेतल्या एका जुन्या, लहानशा एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चच्या, गरजूंना फुकट जेवू घालणाऱ्या स्वयंपाकघरातही असते आणि रविवारच्या उपासनेतही, हे एकदा कळलं की प्रश्न ठरलेला. "जेवणच द्यायचंय ना, मग चर्च कशाला? रविवारी जेमतेम चाळीस माणसं येतात म्हणता. हॉल घ्या भाड्याने. इमारत विका आणि पैसे वाटून टाका." ओळख जरा जुनी असली तर पुढचाही येतो: "खरं सांगा, जेवू घालून बाटवता ना?" गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, सगळीकडे हसून विषय बदलून झाला. आता एकदाच, नीट सांगते.

बाटवण्याचं आधी, कारण ते लवकर संपतं. अशा स्वयंपाकघरांना बऱ्याचदा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कृषी खात्याकडून धान्य, डबाबंद भाज्या, गोठवलेलं चिकन मिळतं. त्याची अट स्पष्ट आहे: प्रार्थनेला बसलात तरच ताट, असं करता येत नाही. धार्मिक काही करायचंच तर ते ऐच्छिक हवं आणि वाटपात अडथळा यायला नको. दारात कूपन मिळतं ते डोकी मोजायला. त्यावर नाव नसतं, ओळखपत्र कोणी मागत नाही. 'मग तुम्ही ख्रिस्ती कसले' असं विचारणारेही भेटतात, आणि ते बहुतेक ख्रिस्तीच असतात.

खरी अडचण अशी की तुमच्या डोळ्यांसमोर अक्कलकोटचं अन्नछत्र असतं. नैवेद्य झाला, तोच प्रसाद पंगतीत आला, पूजा आणि जेवण एकाच पातेल्यातून. इथे ही दोन पातेली वेगळी आहेत, आणि फरक उरलेल्या अन्नाशी कळतो. रविवारी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी, भाकरीच्या पातळ चकत्या मोजून ठेवतात, पाच-सहा जास्तीच्या. आशीर्वादित झालेल्या चकत्या उरल्या तर आजाऱ्यांसाठी बाजूला काढायच्या, बाकीच्या पाद्र्याने आणि मदतनिसांनी तिथेच खाऊन संपवायच्या. द्राक्षारसाचंही तेच. प्याला पुसलेलं कापड धुवायला टाकण्याआधी वेगळ्या कुंडीत खळबळतात. तिचं पाणी गटारात जात नाही, सरळ जमिनीत मुरतं.

दुपारच्या भाताला असला मान नाही, त्याला थर्मामीटर आहे. न्यूयॉर्क शहराच्या नियमाप्रमाणे वाढेपर्यंत गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं. उरलेलं ठेवायचं असेल तर दोन तासांत ६० वरून २१ वर, पुढच्या चार तासांत ५ वर आलं पाहिजे. चूक नेहमी एकच होते. भाताचं खोल पातेलं झाकण लावून तसंच फ्रिजमध्ये ढकलतात. कडेचा भात गार होतो आणि मधला तासन्‌तास कोमट राहतो. शिजवूनही न मरणारे बीजाणू त्याच कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष दुसऱ्या दिवशी गरम केल्याने जात नाही. म्हणून भात पसरट ट्रेमध्ये दोन इंचांच्या थरात, गार होईपर्यंत उघडा. किती वेळ बाहेर होता हे कोणालाच ठाऊक नसेल तर कचऱ्यात. आपल्या बायका इथे हळहळतात. हळहळा, पण टाका.

प्रमाण विचारता ना? शंभर माणसांना सात किलो तांदूळ, पंधरा किलो बिनहाडाचं चिकन, किंवा पाच किलो राजमा. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. स्लो कुकरच्या मंद आचेवर कच्चा टाकला तर त्यातलं विष तसंच राहतं आणि अर्धी पंगत उलट्या करते. डुकराचं मांस टाळलेलं बरं. फळ म्हणून सफरचंद कोणी आणू नका, केळी आणा, कारण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला दात नसतात किंवा दुखत असतात. शेवटच्या पाहुण्याला पहिलं ताट मिळाल्याशिवाय कोणाला दुसरं नाही. आणि स्वयंपाकघर कितीही मोठं बांधा, घोडं अडतं ते संडासाशी. जुन्या चर्चमध्ये एक, फार तर दोन. बाहेर रांगेत उभ्या माणसाला रात्रीपासून ती सोय मिळालेली नसते, पण देणगीच्या अर्जात संडासाचा रकाना कधी पाहिला नाही.

आता 'विकून टाका'. चर्चची व्हेस्ट्री, म्हणजे निवडून आलेली कार्यकारिणी, मनात आलं म्हणून इमारत विकू शकत नाही. एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या नियमानुसार स्थानिक मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांची, मालमत्ता धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या हाताखालच्या भागाच्या) आणि साऱ्या एपिस्कोपल चर्चच्या विश्वस्तीत असते. विक्रीला बिशप आणि स्थायी समितीची संमती लागते, आणि न्यूयॉर्क राज्यात वर न्यायालयाची किंवा महाधिवक्त्याची. पण नियम बाजूला ठेवू. विकता आली असती तर विकावी का, याचं माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते एका आगीत आहे.

मॅनहॅटनच्या चेल्सी भागात, नवव्या अ‍ॅव्हेन्यूवर, चर्च ऑफ द होली अपॉसल्स आहे. मंडळी १८४४ ची, हडसन नदीच्या धक्क्यांवर राबणाऱ्या स्थलांतरितांमधल्या कामातून उभी राहिलेली. वास्तूचा आराखडा मिनार्ड लफीव्हरचा, रंगीत काचा विल्यम जे बोल्टनच्या. पुढे मंडळी आटली, चर्च बंद पडण्याच्या बेताला आलं. त्या अवस्थेत, १९८२ च्या ऑक्टोबरात, त्यांनी सूप किचन, म्हणजे फुकट जेवणाचं स्वयंपाकघर, काढलं. ज्यांना स्वतःचं पुढचं वर्ष दिसत नव्हतं त्यांनी दुसऱ्यांच्या जेवणाची जबाबदारी घेतली. हिशेबाच्या माणसाला हा वेडेपणाच वाटेल, आणि त्या ताळेबंदावर मीही सही केली नसती. रांग वाढत गेली.

१९९० च्या एप्रिलमध्ये छताची दुरुस्ती चालू असताना आग लागली. जुन्या छताखाली दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड असतं, फटींत धूळ आणि पाखरांच्या काड्या. दुरुस्तीत वापरतात त्या गॅसच्या टॉर्चची (ज्योतीच्या बर्नरची) धग फळीच्या मागे जाऊन बसते आणि काम थांबल्यावर कितीतरी वेळाने पेटते. म्हणून असं काम संपल्यावरही पाण्याची सोय घेऊन एक माणूस छतावर बसवतात आणि दिवसाच्या शेवटी टॉर्च पेटवू देत नाहीत. होली अपॉसल्सचं छत गेलं, काही काचा गेल्या, आतली बाकं गेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं जेवण मात्र चुकलं नाही.

पुनर्बांधणी १९९४ मध्ये पूर्ण झाली, आणि बाकं परत बसवली नाहीत. वाक्य छोटं आहे म्हणून त्यावरून घसरू नका. एकोणिसाव्या शतकात अनेक एपिस्कोपल चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली किंवा विकली जात. पैसेवाल्या घराण्यांची पुढे, गरिबांची मागे किंवा माळ्यावर. बाक जमिनीला ठोकलेलं असतं, त्याचं तोंड वेदीकडेच असतं, गुडघे टेकायची फळीही त्यालाच. आजी जिथे बसायची तिथे नात बसते. बाकं काढणं म्हणजे मंडळीतल्या म्हाताऱ्यांची ठरलेली जागा काढणं, आणि अशा निर्णयात दुखावलेल्यांना मी जुनाट म्हणणार नाही. पण बाकं नाहीत म्हटल्यावर सपाट, मोकळी जमीन उरली. आगीआधी जेवण शेजारच्या इमारतीत होत असे. आता टेबलं थेट उपासनेच्या दालनात आली, त्या रंगीत काचांखाली. कामाच्या दिवशी हजाराच्या आसपास माणसं तिथे जेवू लागली. रविवारी टेबलं हलवून खुर्च्या वेदीकडे वळवायच्या. १९७३ मध्ये समलिंगी ज्यूंचं एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, याच चर्चच्या जागेत सुरू झालं होतं. त्यांची शुक्रवारची प्रार्थनाही पुढे कितीतरी वर्षं याच दालनात झाली.

भाड्याच्या हॉलमध्ये हे होत नाही. मालक पहिल्या महिन्यात फुटपाथवरच्या रांगेबद्दल बोलतो, दुसऱ्या महिन्यात शेजारी पत्र लिहितात, मग करार वाढत नाही. दीडशे वर्षं स्वतःच्या जमिनीवर उभ्या असलेल्या चर्चला कोणी उठवू शकत नाही. पैसे वाटून टाकले तर ते एका हिवाळ्यात संपतील.

इथवर मी जिंकते. पुढे माझी गाडी अडते. तुमच्यातला हुशार माणूस लगेच विचारतो: मग इमारत एखाद्या ट्रस्टला द्या, रविवारची उपासना कशाला? आणि खरं सांगायचं तर अशा स्वयंपाकघरांत भाजी चिरणारे, वाढणारे, भांडी घासणारे अर्ध्याहून अधिक लोक चर्चचे नसतात. शाळेची मुलं येतात, निवृत्त शिक्षक येतात, कंपन्यांचे गट एकसारखे टी-शर्ट घालून येतात. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाला, त्यांना 'आज नको' म्हणावं लागतं. फेब्रुवारीत बर्फ पडतं, फोन वाजत नाही, आणि पहाटे दार उघडायला येतात ती बहुधा रविवारच्या त्या चाळिसातलीच. का येतात? सवय, असं मी म्हणेन. त्यांच्या उपासनेत दर आठवड्याला लोकांसाठी प्रार्थना होते, आजाऱ्यांची आणि मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जातात. जेवायला येणारा एखादा गेला आणि त्याला कोणी नसलं तरी प्रार्थनेच्या पुस्तकातला अंत्यविधी त्याच्यासाठी पूर्ण वाचला जातो, एक ओळ न गाळता. ट्रस्टने हे कोणत्या खात्यात धरायचं? पण देवाचं नावही न घेणारी माणसं फेब्रुवारीत कांदे चिरताना पाहिली आहेत, त्यामुळे हा पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवता येत नाही.

पूर्वी मी यावर एक टाळी घेणारं वाक्य फेकायचे: वेदी आणि जेवणाचं टेबल एकच. आता म्हणत नाही, कारण ते खरं नाही. एपिस्कोपल चर्चचा नियम आहे की बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन घेता येत नाही. एकाच दालनात मंगळवारच्या टेबलाशी कोणी काही विचारत नाही आणि रविवारच्या वेदीशी अट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ग्रेगरी ऑफ निस्सा चर्चने वेदी सगळ्यांना खुली ठेवली, २००० सालापासून किराणाही वेदीभोवतीच वाटायला सुरुवात केली. एपिस्कोपल चर्चच्या २०२२ च्या महासभेसाठी बाप्तिस्म्याचा हा नियम काढून टाकण्याचा ठराव आला होता. नियम अजून पुस्तकात आहे. काही पाद्री पत्रकात ती अट छापतात आणि बाप्तिस्मा नसलेल्यांना छातीवर हात बांधून आशीर्वाद घ्यायला सांगतात, काही छापतच नाहीत. वेदीपुढच्या कठड्याशी बाप्तिस्म्याचा दाखला मात्र कोणीच मागत नाही. बाप्तिस्म्याला अर्थ आहे असं मानणाऱ्या मला ही पळवाट वाटते, आणि आठवडाभर त्याच माणसाला वाढणाऱ्या मला तीच बरी वाटते.