ग्रेमॉन पुन्हा लढायला लागला

मागच्या नोंदीत गाडी अडली होती ती पिनांपाशी. माझ्याकडचे १९९७ चे दोन्ही डिजिटल मॉन्स्टर (पडद्यावर ग्रेमॉनसारखा जीव पाळायची आणि लढवायची छोटी खेळणी) चालू होते, बटणं नीट दाबली जात होती, पण लढाई काही केल्या लागत नव्हती. एक यंत्र उलटं धरून डोक्याला डोकं लावायचं, वरच्या दोन धातूच्या पिना एकमेकींना टेकायच्या, की लढाई सुरू. आमच्याकडे नुसतं थांबून राहायचं.

भिंगातून पाहिलं तर पिनांवर काळपट थर. रेजमल लावायचा धीर झाला नाही, वरचा मुलामा गेला तर परत येणार नाही. साधा पांढरा खोडरबर घेतला, त्याची कड तिरकी कापली आणि अगदी हलक्या हाताने घासत राहिलो. दहा मिनिटांत खालचा पिवळसर रंग दिसायला लागला. चुरा ब्रशने झाडला. सेल काढायचे नाहीत हे मात्र पक्कं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात सेल बदलताना नऊ दिवसांचा जीव पुसला गेला, ते अजून मनातून जात नाही.

रविवारी पुतणी आली. "काका, घट्ट धरा," म्हणाली, आणि पहिल्याच फटक्यात लढाई लागली!

या खेळण्याची रचना मला फार आवडते ती यासाठीच. पडदा ३२ गुणिले १६ ठिपक्यांचा, मूळ तामागोचीएवढाच (तेही जीव पाळायचंच खेळणं, अंड्याच्या आकाराचं). पण इथे पुरेशा लढाया आणि त्याही बहुतेक जिंकलेल्या नसतील, तर ग्रेमॉन वाढून त्याचा मेटलग्रेमॉन होत नाही. म्हणजे समोर माणूस हवाच. २००४ च्या तामागोची कनेक्शनमध्ये पिनांऐवजी इन्फ्रारेड होतं, तरी दोन अंडी जवळ आणावीच लागायची. (तिथे जोडणी लागत नसेल तर ती सुरू करून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून अंड्याचं टोक बघा, जांभळट चमक दिसली तर एलईडी जिवंत आहे.) २०२३ च्या तामागोची युनीला वाय-फाय आहे, घरबसल्या जगभरच्या पात्रांची भेट होते. सोय मोठी आहे, पण पुतणीच्या हाताला हात टेकवून श्वास रोखून बसण्याची मजा त्यात नाही.

आजचा हिशोब: ११ लढाया, ९ जिंकल्या. डावी पिन अजून किंचित वाकडी आहे, तिला चिमट्याने सरळ करायचं धाडस अजून केलेलं नाही. पुतणी शनिवारी परत येते आहे.