बकिंगहॅमचं फाटक आणि आत्याचा कडुलिंब

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुविचार येणं बंद झालं आणि त्यांच्या जागी 'ओळखा पाहू' आलं. जो प्रवासात असेल त्यानं एक फोटो टाकायचा, बाकीच्यांनी जागा ओळखायची. फोटोवरून जागा शोधून देणारं गूगल लेन्स लावताना सापडला, तर सगळ्यांना कॉफी त्याच्याकडून. भाचेकंपनी जगभर फिरते, पण खेळात सगळ्यांत वरचढ आहे ती इंदूरची आत्या. तिनं पासपोर्ट काढलेला नाही.

तिची पद्धत मला ठाऊक होती, पण ती चालते कशी, हे मुंजीच्या निमित्तानं इंदूरला गेलो तेव्हा शेजारी बसून पाहिलं. आत्या मुख्य इमारतीकडे बघतच नाही. ती कडा बघते. गाड्या कुठल्या बाजूनं चालल्यात, झाडं कसली, सावली किती लांब, मागे डोंगर की नुसतं आभाळ. "मधलं सगळे बघतात रे, खोटं बोलतं ते मधलंच," असं तिचं म्हणणं.

ते पटण्यासारखं आहे, कारण प्रसिद्ध वास्तूंना जुळी भावंडं फार. पांढरा घुमट आणि चार मिनार दिसले की लोक ताजमहाल म्हणून मोकळे होतात. आत्या मागे बघते. ताजच्या पाठीशी यमुना, म्हणून मोकळं आभाळ. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यामागे डोंगर. शिवाय मकबऱ्यात संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, बाकी भिंतींवर गिलावा, तो पावसानं काळवंडतो. टोकियो टॉवर घ्या. 1958 सालचा, 333 मीटर, आयफेलचाच घाट. पण विमानांना दिसावा म्हणून नारिंगी-पांढरा रंगवलेला, त्यामुळे रंगीत फोटोत पकडला जातो. पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटावर स्वातंत्र्यदेवीचा छोटा पुतळा 1889 पासून उभा आहे. तिच्या हातातल्या पाटीवर दोन तारखा आहेत, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची आणि फ्रेंच क्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडल्याची. न्यूयॉर्कच्या देवीकडे एकच.

मधे भावानं सिडनीहून नुसत्या फरशांचा फोटो टाकला होता. सगळ्यांनी बाथरूम, स्विमिंग पूल, कुणाचं तरी नवं स्वयंपाकघर असं काहीबाही लिहिलं. आत्यानं फोटो ताणून मोठा केला आणि म्हणाली, "पांढरा एक नाहीये. एक चकचकीत आहे, एक साईसारखा मंद." ऑपेरा हाउसच्या छतावर दहा लाखांहून जास्त स्वीडनच्या फरशा आहेत, त्या ह्याच दोन छटांच्या. लांबून ते शुभ्र शीड वाटतं.

मुंज झाली, जेवणं आटोपली, मग आम्ही दोघं इंदूरचे फोटो काढायला निघालो. राजवाड्यापासून सुरुवात. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. 1984 च्या आगीत आतलं बरंच जळालं, दर्शनी भाग मात्र उभा राहिला. मी समोरून पूर्ण दरवाजा घेत होतो. "काय पाहून राहिलास? खिळे घे," आत्या म्हणाली. मोठ्या फाटकावरचे ते लोखंडी खिळे जवळून घेतले, तर पुण्याचा शनिवारवाडा सांगणारे निम्मे निघतील, असा तिचा हिशेब. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, पाहून आम्ही गांधी हॉलवर आलो. 1904 ची ही इमारत आधी किंग एडवर्ड हॉल होती, स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. मनोऱ्याला चारही बाजूंनी घड्याळं, म्हणून लोक घंटाघर म्हणतात. नुसता मनोरा कापून टाकला तर मुंबईकर फसणार हे नक्की.

पण खरा डाव लालबागचा. होळकरांच्या ह्या राजवाड्याचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या नमुन्यावर इंग्लंडात ओतवून जहाजानं आणलेलं आहे. काळ्या लोखंडाची नक्षी, वर होळकरांचं राजचिन्ह. मी चिन्ह फ्रेमबाहेर ठेवलं आणि लंडनमध्ये राहणाऱ्या भाच्याला जाळ्यात पकडायला फोटो टाकला. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं, "मामा, काय हे! बकिंगहॅम. रोज ट्यूबनं तिथनं जातो." पाठोपाठ त्याच्या बायकोचा अंगठा, मग पुण्याच्या वहिनींचा.

आत्यानं चष्मा सारखा केला आणि टाइप केलं, "उजव्या कोपऱ्यात कडुलिंब आहे बाळा. राणीच्या दारात कडुलिंब कुठून येईल?"

मला कोपरा दिसलाच नव्हता. फांदी होती, चांगली लगडलेली. भाच्यानं मग ती फांदी मागून चिकटवलेली आहे, असा दावा केला आणि त्यावर ग्रुपमध्ये अर्धा तास वकिली चालली. काकांनी निकाल दिला की फोटोत सावल्या आखूड आहेत, इतका सूर्य लंडनच्या डोक्यावर चढतच नाही.

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याच्या किसाची कढई मी अगदी जवळून घेतली, नुसता पिवळा किस आणि वरचं खोबरं. ह्यावर भाच्याला पाच सेकंदही लागले नाहीत. म्हणाला, "सराफा! माझ्यासाठी एक प्लेट खा." आत्यानं आता नवा नियम काढलाय की खाण्याचे फोटो बाद.