मशेरीची दहा मिनिटं

सिगारेट सोडलेल्या पुरुषांचे अनुभव मी खूप वाचले. मशेरी सोडलेल्या बाईचा एकही मला वाचायला मिळाला नाही. शोधत होते तेव्हा फार गरज होती त्याची. म्हणून माझा लिहून ठेवतेय.

मी मूळची पाटण तालुक्यातली. लग्न होऊन कोपरखैरण्याला आले. आमचे हे माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला. मी एका पतपेढीत क्लार्क आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त घरं पाटण-जावळीकडचीच, आणि बहुतेक घरांत मोरीच्या फळीवर, नाहीतर देवळीत एक छोटी डबी असतेच. माझ्या दोन होत्या. एक घरात आणि एक पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. बाजारातून सुटा तंबाखू आणायचा, जुन्या तव्यावर टाकायचा आणि पार काळा होईपर्यंत भाजायचा. त्याचा धूर इतका उग्र की गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ठसका जातो, म्हणून बायका परड्यात चूल मांडून भाजतात. मग हातानं चुरायचा, चाळायचा आणि डबीत भरायचा. डाव्या तळव्यावर चिमूट घेऊन उजव्या हाताच्या बोटानं दातांवर घासायचं. नाव दात घासण्याचं. पण दात दोन मिनिटांत होतात आणि मशेरी तोंडात पंधरा मिनिटं राहते. खालच्या ओठाच्या आत ती भरून ठेवायची, लाळ सुटू द्यायची, मग थुंकायचं.

मला ती आजीनं दिली. सातवीत असताना दाढ दुखत होती, तालुक्याला दवाखान्यात कोण नेणार? "लाव जरा, ठणका थांबंल," म्हणाली. डोकं गरगरलं, उलटी झाली, पण ठणका खरंच थांबला. त्यानंतर दाढ दुखली नाही तरी मी लावत राहिले. आमच्याकडे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. भावाला विडी ओढताना पकडलं तेव्हा वडिलांनी त्याला पट्ट्यानं मारलं. त्याच अंगणात मी, आई आणि आजी तिघी मशेरी लावत बसलेल्या होतो.

दुखणं लक्षात आलं ते दातांच्या डॉक्टरकडे. हिरड्या खाली सरकून खालच्या दातांची मुळं उघडी पडली होती, गार पाण्यानं झिणझिण्या यायच्या. त्या बाईंनी विचारलं, "तंबाखू खाता?" मी म्हटलं, नाही. आणि मी खोटं बोलत नव्हते. तंबाखू आमचे हे खातात, चुना लावून, मळून. मी मशेरी लावते. माझ्या मनात ह्या दोन गोष्टी कधी एका ठिकाणी आल्याच नव्हत्या. त्यांनी खालचा ओठ बाहेर ओढला, आरसा माझ्या हातात दिला आणि आतली जागा दाखवली. पांढुरकी, सुरकुतलेली, पाण्यात खूप वेळ राहिलेल्या बोटासारखी. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: "मशेरी लावता का?" मी लगेच हो म्हणाले.

त्या म्हणाल्या, आजपासून बंद. तीन आठवड्यांनी परत या. चट्टा कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

त्या रात्री मी दोन्ही डब्या कचऱ्यात टाकल्या. सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या पिशवीतून एक काढली. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण नंतर कळलं ते असं की उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला तंबाखू लागतो, त्याचं शरीर निकोटिनवर पक्कं अवलंबून असतं. मला तर डोळे उघडल्या उघडल्या लागायची. निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातं, त्यासाठी ओढावंच लागतं असं काही नाही. आणि माझ्या बाबतीत ते रोज जात होतं, इतकी वर्षं.

सगळ्यात पहिली अडचण आली ती पोटाची. मशेरी लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल, लावल्याशिवाय परसाकडला होत नाही. लोकांना हा मनाचा खेळ वाटतो. तसं नाही. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं, आणि ते बंद झालं की आतडं काही दिवस सुस्त पडतं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या दोन वेळा मी चौथ्या दिवशी परत डबीकडे गेले नसते. पोट फुगलंय, डोकं दुखतंय, ऑफिसला उशीर होतोय आणि डबीतली एक चिमूट हे सगळं पाच मिनिटांत सोडवते, हे माहीत असताना हात आवरणं फार अवघड. तिसऱ्या खेपेला मी आधीच तयारी केली. रात्री इसबगोल, सकाळी दोन ग्लास कोमट पाणी, रोज एक फोड पपई, आणि पाणी पिऊन सोसायटीभोवती चालणं. दहाएक दिवसांत पोट आपोआप रुळलं.

बाकीचा त्रास ठरल्याप्रमाणे आला. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. झोप तुटक, घशाशी सतत काहीतरी अडकल्यासारखं, आणि चिडचिड इतकी की काउंटरवर एका म्हाताऱ्या खातेदारावर मी ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला, तो सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर मी लावला तो त्याच दुपारी. आमच्या ह्यांच्या पुडीवरून घेतला. माझ्या तंबाखूवर काही छापलेलंच नसायचं, कारण तो कागदात बांधून सुटा मिळतो. पुडीच्या ८५ टक्के भागावर तोंडाच्या कॅन्सरचं चित्र आणि इशारा असतो, आणि मशेरीवाल्या बाईला ते आयुष्यात एकदाही दिसत नाही. दात घासायच्या पेस्टमध्ये, पावडरमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार?

फोनवरच्या ताई मराठीत बोलल्या. दिवसातून किती वेळा, कुठे बसून, कुणाबरोबर, हे सगळं त्यांनी विचारलं. तल्लफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, असं म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेतलं, दोन मिलिग्रॅमचं. ते नुसतं चघळत राहायचं नसतं. दोन-चार वेळा चावायचं आणि गालात ठेवून द्यायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा प्यायचा नाही, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. मला दुपारी त्याचा उपयोग झाला. सकाळी मात्र फारसा नाही.

सकाळी काय चुकत होतं, ते समजायला वेळ लागला. आणि मला खरं सांगायचंय ते हेच.

आमच्या गावाकडे बाई मशेरी लावून बसली की तिला कुणी हाक मारत नाही. तोंड भरलेलं असतं, ती बोलणार कशी? सासू हाक मारते, ती नुसता हात वर करते, आणि सासू गप्प बसते. पोर रडत आलं तर दुसरी कुणी घेते. चहा मागणारा नवरा थांबतो. पहाटे चारला उठून रात्री अकराला आडवी होणाऱ्या बाईला अख्ख्या दिवसात हक्कानं मिळणारी विश्रांती तेवढीच. दहा-पंधरा मिनिटं. माझ्या आईला मी दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी रिकामी बसलेली पाहिली नाही. जेवतानासुद्धा ती उठत असायची. मशेरी लावताना उठायची नाही.

शहरात येऊन, नोकरी करून माझंही तेच चाललं होतं. सकाळचे डबे, पाणी भरणं, आत्यांच्या म्हणजे सासूबाईंच्या गोळ्या, ह्या सगळ्यात मोरीच्या कट्ट्यावरची ती दहा मिनिटं माझी होती. मशेरी सोडली त्याबरोबर मी तीही सोडून दिली होती आणि त्या वेळात पोळ्या लाटत होते. मग हात डबीकडे जाणार नाही तर काय?

म्हणून मी गॅलरीत एक खुर्ची ठेवली. घरात सांगितलं, सहा ते सव्वासहा मला हाक मारायची नाही. पहिल्याच दिवशी मुलगा आला, "आई, माझा टॉवेल कुठंय?" मी उत्तर दिलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "आई, ऐकू येत नाही का?" आत्या बाहेर आल्या, कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "बरं न्हाय का तुला? अशी का बसलीयास?" तोंडात मशेरी असती तर ह्यातलं कुणी काही विचारलं नसतं. रिकाम्या तोंडानं बसलेली बाई आजारी तरी असते नाहीतर रुसलेली, असंच त्यांना वाटलं. मला त्या दिवशी मशेरीच्या तल्लफेपेक्षा ह्या गोष्टीचा जास्त त्रास झाला. पण मी उठले नाही. महिनाभर रोज सांगावं लागलं. मुलाला टॉवेल आता सापडतो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा ओठ ओढून पाहिला. चट्टा बराच फिका झाला होता, पुढच्या खेपेला जवळजवळ गेला होता. तुकडा काढावा लागला नाही. खाली सरकलेल्या हिरड्या मात्र परत वर येत नाहीत, त्या तशाच राहणार.

सगळ्यात मोठी परीक्षा गौरीला गावी झाली. जेवणं उरकली, पुरुष ओसरीवर लवंडले आणि आम्ही साताठ जणी परड्यात जाऊन बसलो. डबी फिरायला लागली. जाऊबाईंनी माझ्यापुढे धरली.

"घे की."

"नगं. सोडलीया मी."

"का गं? डाक्टरनं सांगितलं व्हय? मशेरीनं काय हुतंय? आमची म्हातारी मरंपातूर लावत हुती."

मी उठून गेले असते तर त्या घोळक्यातूनच गेले असते, आणि वर्षातून एकदा मिळणारा तो घोळका मला हवा होता. बडीशेप चघळत तिथंच बसले. वास नाकात जात होता, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि मी बोलत होते. त्या बाकीच्या गप्प, मी एकटीच बोलतेय असं ते दृश्य. लेकीच्या वेळचं सांगितलं. गरोदरपणी मी दिवसातून चार वेळा लावत होते आणि ती दोन किलोच्या जेमतेम वर भरली. तेव्हा दोष दिला खाण्यापिण्याला. ती मशेरीमुळेच तशी झाली असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात न ओढता तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली होती. माझी तपासणी करणाऱ्यांपैकी एकानंही नऊ महिन्यांत मला मशेरीबद्दल विचारलं नाही. हे ऐकल्यावर नव्यानं दिवस गेलेल्या एका पुतणसुनेनं डबी न घेताच पुढे सरकवली.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे चार टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे २६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडचा बहुतेक तंबाखू धुराशिवायच जातो. तरी प्रश्न विचारले जातात ते सिगारेटचे, फार तर गुटख्याचे. आशाताई, अंगणवाडीताई, नर्सबाई, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं करा. "व्यसन आहे का" असं विचारू नका, बाई नाहीच म्हणणार. "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा" असं विचारा. आणि पोटाचं काय करायचं ते त्याच दमात सांगा.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. दोन दिवस लावली नाही म्हणाल्या, पण पोट तटतटलंय, आता काय करू? मी इसबगोल किती आणि कसं घ्यायचं ते सांगितलं, तो नंबर मेसेज केला, आणि भाऊजींना फोन द्यायला लावून त्यांनाही सांगितलं की सकाळी पंधरा मिनिटं वहिनींना हाक मारू नका. ते "बरं" म्हणाले. रविवारी पुन्हा फोन करून विचारणार आहे.